जादूगारांच्या मंडळात जाऊन हौशी कलाकाराला काय मिळते?

नाशिकच्या एका हौशी जादूगाराने विचारले आहे : मी बँकेत नोकरी करतो. काही वर्षांपासून पुस्तके आणि व्हिडिओ पाहून हातचलाखी शिकलो आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवात आणि मुलांच्या वाढदिवसांना प्रयोग करतो. आता जादूगारांच्या एखाद्या मंडळाचे सदस्य व्हावे का? व्यावसायिक जादूगार हौशी माणसाला जवळ करतात का? आणि प्रत्येक जण आपले रहस्य राखून असेल, तर तिथे जाऊन शिकायला मिळणार तरी काय?

सदस्य जरूर व्हावे, पण रहस्ये मिळतील या आशेने होऊ नये. रहस्ये दुकानात विकत मिळतात, पुस्तकांत छापलेली असतात आणि हल्ली तर मोबाइलवर फुकट मिळतात. जी गोष्ट कुठेच विकत मिळत नाही, ती मंडळात मिळते : आपला प्रयोग जाणत्या डोळ्यांनी पाहणारा आणि पाहिलेले खरे सांगणारा माणूस. मी रंगमंचावर आयुष्य काढले आहे आणि माझे ठाम मत असे आहे की, जादूगारांचा बंधुभाव गुपितांवर टिकलेला नाही, तो या परस्पर पाहण्यावर टिकलेला आहे.

याचे कारण कलेच्या स्वरूपातच आहे. गायकाला आपला सूर ऐकू येतो, चित्रकार दोन पावले मागे सरून आपले चित्र पाहू शकतो. जादूगाराला मात्र आपला प्रयोग प्रेक्षक म्हणून कधीच पाहता येत नाही, कारण नाणे कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. आरशासमोर सराव करणाऱ्या पुष्कळ जणांना एक विचित्र सवय लागते : नेमक्या चलाखीच्या क्षणी त्यांच्या पापण्या मिटतात, त्यामुळे जो क्षण तपासायचा तोच त्यांना दिसत नाही, आणि पुढे रंगमंचावरही त्या क्षणी डोळे मिटू लागतात. कॅमेरा हा दोष दाखवतो, पण तो एकाच जागेवरून पाहतो. सभागृहात पहिल्या रांगेत खाली बसलेली मुले असतात, डाव्या टोकाच्या खुर्चीवरून पेटीची बाजू दिसते, आणि पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या ठिकाणी बाल्कनीतल्या प्रेक्षकाला टेबलाचा माथाच दिसतो. घरच्यांना विचारावे तर ती मंडळी तोंडभरून कौतुक करतात. अनोळखी प्रेक्षकाला काहीतरी खटकते, पण काय खटकले हे त्याला सांगता येत नाही. तो टाळ्या थोड्या कमी वाजवतो, इतकेच. नेमके वर्मावर बोट ठेवणे फक्त दुसऱ्या जादूगाराला जमते.

अशी दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते, ते सांगतो. मंडळाची रीतसर बैठक संपली, चहा झाला, की खरी बैठक सुरू होते. टेबलावर मॅट पसरली जाते, तिच्याभोवती सात-आठ खुर्च्या ओढल्या जातात आणि जो तो खिशातून पत्ते, नाणी किंवा दोरी काढतो. एक तरुण दहा रुपयांचे नाणे डाव्या मुठीत ठेवतो, मूठ उघडतो, नाणे नाही. समोरचे ज्येष्ठ म्हणतात, ‘‘पुन्हा करा.’’ तो पुन्हा करतो. ‘‘आणखी एकदा.’’ आता त्यांची नजर हातांवर नसून त्याच्या चेहऱ्यावर आणि खांद्यावर असते. मग ते म्हणतात, ‘‘नाणे दिसत नाही, तुमचा हात स्वच्छ आहे. पण आता एक करा, नाणे खरोखर डाव्या हातात ठेवा. काहीही लपवू नका.’’ तरुण खरोखर ठेवतो. एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी रिकामा झालेला उजवा हात आपोआप सैल होऊन खाली येतो आणि खांदा उतरतो, कारण त्या हाताचे काम संपलेले असते. ‘‘आता खोटे करा.’’ या वेळी सर्वांना दिसते की उजवा हात अधांतरी ताठ राहिला आहे, खांदा कानाकडे सरकला आहे आणि नजर मुठीवर जायच्या आधी अर्धा क्षण घुटमळली आहे. नाणे कोणालाच दिसले नव्हते, पण अपराध दिसत होता. खऱ्या कृतीचे निरीक्षण करून खोटी कृती तिच्यासारखी करणे, हे तत्त्व कोणत्याही प्राथमिक पुस्तकात छापलेले असते, म्हणून येथे सांगण्यास हरकत नाही. त्या तरुणानेही ते वाचलेले असते. आपल्या बाबतीत ते कुठे मोडते आहे, एवढेच त्याला माहीत नसते, आणि ते दाखवायला समोर कोणीतरी बसावे लागते. रंगमंचावरच्या मोठ्या प्रयोगांनाही हेच लागू आहे. पेटी किती वेगाने फिरवावी आणि सहायिकेने कोणत्या पावलावर वळावे, हे तालमीत सभागृहाच्या चार कोपऱ्यांत चार जादूगार बसवल्याशिवाय पक्के करता येत नाही.

व्यावसायिक आणि हौशी यांच्यातील भेदाबद्दल आपल्याला जी धास्ती वाटते, ती निराधार आहे. व्हिएन्नाचे योहान हॉफझिन्सर (१८०६–१८७५) यांना पत्त्यांच्या जादूचे जनक मानले जाते. ते सरकारी खात्यात अधिकारी होते. शिकागोचे एड मार्लो, ज्यांच्या पत्त्यांवरील लेखनाने विसाव्या शतकातील दोन पिढ्या घडवल्या, ते कारखान्यात यंत्रकाम करत. स्कॉटलंडचे अॅलेक्स एल्म्सली संगणक क्षेत्रात नोकरी करत, आणि पत्ते मोजण्याची त्यांची पद्धत आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने या परंपरेत अंग चोरून बसण्याचे काहीच कारण नाही. दोघांची परीक्षा मात्र वेगळी असते. व्यावसायिकाला रोज नवे प्रेक्षक मिळतात, म्हणून तो आठ-दहा प्रयोग वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत करतो. हौशी माणसापुढे तेच नातेवाईक, तेच सहकारी आणि त्याच सोसायटीतील मुले बसलेली असतात, म्हणून त्याला सतत काहीतरी नवे शोधावे लागते. त्यामुळे नवीन कल्पना बहुधा हौशी मंडळींकडून येतात आणि त्या प्रेक्षकांपुढे टिकतात की नाही, हे व्यावसायिक सांगू शकतात. ज्या मंडळात दोन्ही प्रकारचे सदस्य नाहीत, ते मंडळ मला अपुरे वाटते. व्यावसायिकांना एकच गोष्ट खरोखर बोचते : हौशी कलाकाराने फुकट किंवा नाममात्र पैशांत कार्यक्रम करून त्याच गावातील एखाद्याची पोटापाण्याची सुपारी काढून घेणे. मित्रांसाठी विनामूल्य करा. पण जिथे आयोजक मंडपवाल्याला आणि ध्वनिवाल्याला पैसे देतो, तिथे जादूगारालाही बाजारभावाने द्यायला लावा.

आज आपण ज्या स्वरूपाची मंडळे पाहतो, ती साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी आकाराला आली. ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये मार्टिन्का यांच्या जादूच्या दुकानामागील खोलीत स्थापन झाली. लंडनचे ‘मॅजिक सर्कल’ १९०५ साली सोहोतील एका उपाहारगृहात सुरू झाले. १९२२ साली ‘इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ मॅजिशियन्स’ आली, जिच्या स्थानिक शाखांना ‘रिंग’ म्हणतात. १९४८ साली स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात जागतिक महासंघ उभा राहिला, जो दर तीन वर्षांनी जागतिक स्पर्धा भरवतो. या संस्थांचा इतिहास आपल्याला सहज वाचायला मिळेल. मला त्यातील एका प्रथेचा उल्लेख आवर्जून करावासा वाटतो. १९२६ साली, बेड्या-साखळ्यांतून सुटण्याच्या प्रयोगांसाठी जगभर गाजलेले जादूगार हूडिनी यांचे निधन झाले. ते मृत्यूपर्यंत अमेरिकन सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांच्या अंत्यविधीत सहकाऱ्यांनी जादूची कांडी मोडली. तेव्हापासून सदस्याच्या निधनानंतर कांडी मोडण्याचा विधी अनेक देशांत पाळला जातो. कोणाही जादूगाराला विचारा, कुटुंबाखेरीज आपल्या कामाची पारख असलेली माणसे निरोपाला हजर असावीत, ही इच्छा त्याच्या मनात असते.

आता रहस्यांकडे वळतो, कारण आपल्या तिसऱ्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर या नाट्यगृहात पी. टी. सेल्बिट यांनी पेटीतील स्त्री करवतीने कापण्याचा प्रयोग प्रथम जाहीरपणे केला. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिन यांनी आपली आवृत्ती आणली आणि ती आपलीच असल्याचा दावा करत इतरांना कोर्टात खेचले. १९२३ साली त्यांनी पेटंटही मिळवले. पेटंट मिळवायचे तर कृती लिहून द्यावी लागते आणि ती कोणालाही वाचता येते. १९३३ साली एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातींत हा प्रयोग उघड केला. गोल्डिन यांनी दावा लावला, पण १९३८ साली तो फेटाळला गेला. जो कायदा रक्षण करील असे त्यांना वाटले होते, त्यानेच रहस्य चव्हाट्यावर आणले. याउलट २०१४ साली अमेरिकेतील न्यायालयाने टेलर या जादूगाराच्या बाजूने निकाल दिला. गुलाबाच्या सावलीवर सुरी चालवताच खऱ्या फुलाच्या पाकळ्या गळून पडतात, हा त्यांचा प्रयोग एका युरोपीय कलाकाराने नक्कल करून विकायला काढला होता. टेलर यांना संरक्षण मिळाले, कारण त्यांनी १९८३ मध्येच तो मूकनाट्य म्हणून नोंदवून ठेवला होता. जादूची युक्ती म्हणून तिला कॉपीराइट मिळत नाही, हे त्या निकालातही स्पष्ट आहे.

म्हणजे आपल्या कलेत युक्तीच्या मालकीचे रक्षण कायदा जवळजवळ करत नाही. ते एकमेकांच्या मान-मर्यादेवर चालते. ही मर्यादा बाहेरून दिसते तितकी गुंतागुंतीची नाही. जुनी, शतकानुशतकांची युक्ती सर्वांची आहे. कप आणि चेंडूंचा खेळ कोणीही करावा. एखाद्याने विकायला काढलेला प्रयोग आपण विकत घेतला, तर तो करून दाखवण्याचा हक्क मिळतो, शिकवण्याचा किंवा त्याची प्रत बनवून विकण्याचा मिळत नाही. एखाद्याने स्वतःसाठी रचलेला, न विकलेला प्रयोग त्याला विचारल्याशिवाय करू नये, मग आपल्याला त्याची युक्ती स्वतःहून उलगडली असली तरीही. दुसऱ्याचे विनोद, संवाद आणि संगीत उचलणे ही तर युक्ती चोरण्याहून मोठी चोरी आहे, कारण युक्ती एकसारखी सुचू शकते, वाक्ये सुचत नाहीत. आपल्याकडे या बाबतीत फार सैलपणा आहे. बाहेरच्या निर्मात्याने वर्षभर खपून तयार केलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल निम्म्या-पाव किमतीत मिळते आणि आम्हीच ती आनंदाने घेतो. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण ज्या निर्मात्याचे पोट मारले जाते, तो पुढची वस्तू बनवत नाही. मंडळात नव्याने येणाऱ्याने निदान ‘‘ही मूळ कल्पना अमुक यांची आहे’’ हे सांगायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. ज्याने ही सवय लावली, त्याच्यापुढे ज्येष्ठ मंडळी हातचे राखत नाहीत, हा माझा अनुभव आहे. रहस्य दडवले जाते ते उत्सुकतेपोटी विचारणाऱ्यापासून. मेहनत करून आलेल्याला ते बहुधा न मागता मिळते.

भारतात ही देवाणघेवाण मंडळांपेक्षा घराण्यांतून आणि गुरूंकडून अधिक झाली. पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी गणपती चक्रवर्ती यांच्याकडून धडे घेतले, आणि सरकारांची पुढची पिढीही याच क्षेत्रात उतरली. महाराष्ट्रात जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४), यांनी नाट्यगृहात तिकीट लावून जादूचे प्रयोग पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला लावली. त्यांचे चिरंजीव विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर यांनी ती परंपरा पुढे चालवली. घराण्याचे बळ मोठे असते : पेट्या, पडदे, संच आणि प्रेक्षकांची ओळख वारशाने मिळते. पण घराण्याबाहेर जन्मलेल्याला दार कुठे आहे तेच कळत नाही. आपल्यासारख्यांसाठी मंडळ म्हणूनच आवश्यक आहे.

या बंधुभावाने कोणाला बाहेर ठेवले, हेही सांगितले पाहिजे. मॅजिक सर्कलने १९९१ सालापर्यंत स्त्रियांना सदस्यत्व दिले नाही. सोफी लॉइड या अभिनेत्रीने ‘रेमंड लॉइड’ नावाच्या तरुणाचे सोंग घेऊन तिथली परीक्षा दिली आणि ती उत्तीर्णही झाली. स्त्रियांना प्रवेश खुला होत असताना तिने खरे सांगितले, तेव्हा फसवणुकीच्या कारणावरून तिलाच काढून टाकण्यात आले. २०२५ साली संस्थेने तिला सन्मानाने परत बोलावले. परीक्षकांसमोर, हातमोजे घालून, बदललेल्या आवाजात तिने केलेले सोंग हाच त्या संस्थेच्या इतिहासातील एक उत्तम प्रयोग होता, असे मी मानतो. आपल्याकडे आजही मुलगी जादूच्या पेटीत झोपते, पेटीबाहेर उभी राहून प्रयोग करणारी फार थोडी दिसते. मंडळात येणाऱ्या मुलीला कोणी ‘‘कोणाची सहायिका?’’ असे विचारू नये, एवढी दक्षता प्रत्येक सदस्याने घ्यावी.

दुसरे बाहेर राहिलेले लोक म्हणजे रस्त्यावरचे मदारी. चारही बाजूंनी लोक उभे, खाली उघडी जमीन, पाठीमागे पडदा नाही, आणि तरीही कपांखालून चेंडू येतात-जातात. रंगमंचावरील बहुतेकांना हे जमणार नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी कला सादर करून पैसे घेण्यालाही भीक मागण्याच्या व्याख्येत ओढले आणि या कलाकारांना पोलिसांच्या दयेवर सोडले. सुशिक्षित जादूगारांच्या मंडळांनी त्यांच्यासाठी पुरेसा आवाज उठवला नाही. आपल्या गावात असा एखादा कलाकार आढळला, तर त्याला मानधन देऊन बैठकीला बोलावा आणि त्याच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसा.

महाराष्ट्रात आपल्याला आणखी एक प्रश्न हमखास विचारला जाईल : अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते चमत्कारामागची युक्ती उघड करतात, मग जादूगारांनी गुप्तता पाळावी हे कितपत योग्य? मला यात विरोध दिसत नाही. हूडिनी स्वतः अध्यक्षपदी असताना मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या माध्यमांचे पितळ उघडे पाडत होते. जो माणूस दैवी शक्तीच्या नावाखाली लोकांना लुबाडतो, त्याची युक्ती उघड करणे हे कर्तव्य आहे. २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार करून फसवणे हा गुन्हा ठरवला आहे. जो कलाकार तिकीट लावून ‘‘ही माझी कला आहे’’ असे सांगतो, त्याची युक्ती उघड करण्याने कोणाचेच भले होत नाही, फक्त पुढच्या प्रेक्षकाचा आनंद जातो. आपल्या कार्यक्रमात हे एक वाक्य आपण स्पष्टपणे बोलत जा. प्रयोगानंतर एखाद्या आजींनी नातवाच्या आजारावर उपाय विचारला, तर त्यांना बाजूला बसवून शांतपणे सांगा की, आपल्याकडे कोणतीही शक्ती नाही आणि त्यांनी डॉक्टरकडे जावे. हा प्रसंग प्रत्येक जादूगारावर येतो, आणि मंडळात नव्या सदस्याला तो आधीच सांगून ठेवला पाहिजे.

पहिल्यांदा जाताना दहा प्रयोग तयार करून जाऊ नका, आपल्याला सर्वांत चांगला येणारा एकच घेऊन जा. पहिल्या बैठकीत अधिक पाहा. कोणी प्रयोग दाखवल्यावर ‘‘हे कसे केले?’’ असे विचारू नका. ‘‘पुन्हा पाहू का?’’ असे विचारा. दुसऱ्याचा दोष दिसला तरी त्याने विचारल्याशिवाय सांगू नका, आणि त्याच्या प्रेक्षकांसमोर तर कधीच सांगू नका. आपल्याला सुचवलेली दुरुस्ती वहीत उतरवा आणि पुढच्या बैठकीत तोच प्रयोग दुरुस्त करून दाखवा. ज्येष्ठांचा विश्वास मिळवण्याचा याहून जवळचा मार्ग नाही. नाशिकमध्ये नियमित बैठक नसेल, तर मुंबई-पुण्याला महिन्यातून एकदा जाणे आपल्याला अवघड नाही. दरम्यान आपल्या शहरातील दोन-तीन हौशी कलाकार शोधून महिन्यातला एखादा रविवार ठरवून घ्या. प्रत्येकाने एक प्रयोग तीनदा करायचा, बाकीच्यांनी एकदा समोरून, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाहायचे, आणि जे दिसले तेवढेच सांगायचे.